शिवदासांचा चकाचक पंखा

चाळीस वर्षं मिठागराच्या उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला पत्र्याचा एक डबा काय घाबरवणार? मोरवा गावच्या शिवदासांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तो याच थाटात!

डबा म्हणजे त्यांच्या मुलाचा, योगेंद्रचा, जुना कॉम्प्युटर. पत्नी रखमाबाई देवाघरी गेल्या, पाठोपाठ योगेंद्र कॅनडाला गेला. चार खोल्यांत शिवदास आणि तो डबा, दोघंच उरले. दर रविवारी संध्याकाळी डब्यात योगेंद्र दिसायचा, तोही तुकड्यातुकड्यांनी. नाक आधी, तोंड मागाहून! बोलणं असं अडकायचं, जणू पोरगा तिकडे तोंडात लाडू धरून बोलतोय. दहाव्या मिनिटाला तो म्हणायचा, "काहीच दिसत नाही बाबा. ठेवतो. पुढच्या रविवारी." मग घर इतकं गप्प व्हायचं, की पालसुद्धा चुकचुकायला लाजायची.

मीरा रोडच्या दुकानदाराने सांगितलं, "काका, प्रोसेसर बदलो, ग्राफिक्स कार्ड डालो. बेटा सामने बैठा लगेगा! आठ दिन छोड़ के जाओ."

"आठ दिन? बीच में इतवार आता है ना!" शिवदासांनी सगळं सामान पिशवीत भरलं. "मैं बसवता है. तुम खाली बताव."

दुकानदाराने कागदावर चित्र काढून दिलं. घरी येऊन शिवदासांनी जुना प्रोसेसर काढला, नवा ठेवला, कार्ड खाचेत दाबलं. सगळं जिथल्या तिथे! मग प्रोसेसरवर बसवायचा नवा पंखा हातात घेतला आणि त्यांचं डोकंच फिरलं. पंख्याच्या बुडाला करडा, चिकट थर! मिठाच्या पांढऱ्या राशीत चिमूटभर चिखल दिसला, तरी अख्खी रास बाजूला काढायला लावणारा हा माणूस.

"मळका माल गळ्यात मारतोस व्हय रे!" म्हणत त्यांनी धोतराच्या फडक्याने तो थर असा खसाखसा पुसला, की बुडात स्वतःच्या मिशा दिसल्या.

रविवार आला. पडद्यावर योगेंद्र अख्खा आला! नाक, तोंड, कानाजवळचे दोन पांढरे केससुद्धा.

"बाबा! किती वाळलात हो!"

"तू तं चांगलाच सुटलास रे..." आणि पडदा काळा!

फोन खणखणला. "बाबा, काय झालं?"

"डबा मेला."

"लाईट गेली?"

"न्हाय. पंखा फिरतोय डोक्यावर."

"पुन्हा चालू करा."

चालू केला. पाच मिनिटांत पुन्हा काळोख! पुन्हा फोन. "धूर येतोय का? लांब बसा! हात लावू नका!" चौथ्या फोनला त्याने विचारलं, "रक्तदाबाची गोळी घेतलीत का?" सहाव्याला म्हणाला, "जेवलात का?" हे त्याने दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

"भात हाय. करतो गरम," शिवदास म्हणाले आणि उगाचच खोकले.

सातव्या वेळी बाबा बोलता बोलता पुढे वाकले आणि नेमका तेव्हाच पडदा गेला. योगेंद्रला वाटलं, बाबाच कोसळले! त्याने शेजारच्या क्षितिजाला फोन लावला. ती जेसल पार्कला कॉम्प्युटर क्लास घ्यायची. बिचारी पिठाच्या हातांनी धावत आली.

"आजोबा! कुठे पडलात?"

"मी कशाला पडतोय? डबा पडतोय!"

तिने झाकण काढलं, पंखा उचलला आणि डोळे मोठे केले. "आजोबा, इथली पेस्ट कुठेय?"

"ती घाण? पुसून टाकली."

"अहो, ती पेस्ट प्रोसेसरची उष्णता ओढून पंख्याला देते! ती नाही म्हणून हा तापतो आणि बंद पडतो. दोन मिनिटांचं काम आहे. उद्या क्लासमधून ट्यूब आणते."

सोमवारी योगेंद्रचे दोन फोन आले. सकाळी एक, दुपारी एक. संध्याकाळी क्षितिजा ट्यूब घेऊन हजर. तिने टोपण काढलं, तेवढ्यात फोन वाजला.

शिवदासांनी रिसीव्हर उचलला. तिकडून आवाज आला, "बाबा, ठीक झाला का हो?"

शिवदासांनी क्षितिजाकडे पाहिलं. मग हळूच हात पुढे करून तिच्या हातातल्या ट्यूबवर टोपण बसवलं.

"न्हाय रं बाला," ते म्हणाले. "लई मोठा बिघाड हाय!"