एकदाच म्हटलं, आत या

शनिवारी दुपारी क्लबातल्या मांसाच्या सोडतीत मी डुकराची अख्खी तंगडी जिंकली, म्हणून फक्त एक बिअर प्यायचं ठरवलं. (त्या एका बिअरला पुढं बहिणी झाल्या, ते सोडा.) घर मैलभरावर. बाहेर उणे तीस. उत्तर मिनेसोटात अशा वेळी चालत जाणं म्हणजे गोठून मरणं, तेव्हा गाडीच बरी, असा सुज्ञ विचार मी केला. असे विचार मला प्यायल्यावरच सुचतात.

गाडी गॅरेजात घातली, दार खाली ओढलं, इंजिन बंद केलं आणि हॉकीचा सामना ऐकत बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून थेट गॅरेजात पोलीस हजर! डेल क्वामे. त्याच्या लग्नात मी नाचलोय.

"आर्विडकाका, यात फुंका."

फुंकलं. यंत्रानं मला अजिबात पाठीशी घातलं नाही. बेड्या पडल्या.

मी कौंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. परवाना गेला की नोकरी गेली, आणि या वयात मला दुसरं येतं काय? भीतीनं माझी झोप उडाली.

"तू प्यायला होतास का, हा मुद्दाच नाही," माझ्या वकीलबाई हॉकन्सन म्हणाल्या. "वॉरंट नसताना, परवानगी नसताना तो घरात शिरला असेल, तर अटक बेकायदेशीर. मग ती फुंकही कोर्टात चालायची नाही."

"आणि परवानगी असेल तर?"

"तर ट्रकचा निरोप घे."

कोर्टात डेलनं शपथेवर सांगितलं, "मार्लिसकाकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, आत या."

मार्लिस म्हणजे माझी बायको. आणि ती खोटं बोलत नाही. (हा दोष लग्नानंतर लक्षात आला.)

सरकारी वकिलानं तिला विचारलं, "तुम्ही 'आत या' म्हणालात?"

"म्हणाले."

मी डोळे मिटले. गेलो बाराच्या भावात.

"पण एकदाच!" मार्लिस कडाडली. "एकदा म्हटल्यावर आत कोण येतं? पाहुण्यानं म्हणायचं, नको, घाईत आहे. मी म्हणायचं, अहो, थंडी किती! त्यानं पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की मग बूट काढायचे. हा बुटांसकट घुसला, माझ्या पुसलेल्या फरशीवरून!"

न्यायाधीश एंगेब्रेट्सन इथलेच. चर्चच्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा भिडेपोटी कुणी उचलत नाही, नुसता अर्धा अर्धा कापत राहतात, त्यांतले. त्यांनी चष्मा काढला.

"डेल, तू वाढलास कुठं?"

"इथंच, साहेब."

"आईनं हेच शिकवलं?"

डेलचे कान लाल झाले. "नाही, साहेब. पण थंडी फार होती."

"या कौंटीत पहिलं 'आत या' म्हणजे रामराम. ती परवानगी नव्हे. अटक बेकायदेशीर."

बाहेर येताच मी मार्लिसला मिठी मारली. डोळ्यांत पाणीच आलं. "वाचवलंस गं! पण मी गॅरेजात आहे हे डेलला कळलं कसं?"

"मी फोन केला."

"तू?"

"वळताना शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केलीस. तिथं त्यांची नात असती तर? वाटलं, तो दारातूनच दम देऊन जाईल." तिनं माझ्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली. "आता पुन्हा पिऊन गाडी चालव. त्याला तीनदा बोलावते."