शेषरावमामांची पिशवी

आमच्या हेडसरांच्या निरोप समारंभात शेषरावमामांनी पिशवीतून उसाचं चिपाड काढलं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि म्हणाले, "हे आपले हेडसर!"

सगळा मांडव गार! हेडसरांच्या बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा आपले थाटात पुढं, "रस समदा शाळेच्या लेकरांनी पिला. आता उरलेलं घरी चाललंय. वहिनी, जपा."

मामा म्हणजे निवृत्त कृषी सहायक. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या ज्या गावात मी सहा वर्षं हिंगोलीहून जाऊन-येऊन मास्तरकी करतोय, तिथले. नोकरीत असताना बाटलीत बोंडअळ्या घेऊन गावोगाव सभा घ्यायचे. नोकरी संपली, सवय राहिली. लग्न असो, तेरवी असो, झेंडावंदन असो, मामा उठले की हातात पिशवी. "दावल्याबिगर पटत न्हाई, सर," हे ठरलेलं वाक्य.

एका लग्नात शुभाशीर्वाद द्यायला त्यांनी चक्क बैलाचं जू आणलं. नवरदेवाच्या खांद्यावर ते ठेवून नवरीला म्हणतात, "बाई, दुसऱ्या बाजूनं उचल. एकट्याला पेलतंय का बघ." तिकडं भटजी घड्याळ बघून राहिले आणि इकडं नवरदेवाच्या कोऱ्या कोटाला शेण!

मी तालुक्यात सूत्रसंचालक म्हणून जरा नावाजलेला. पोरांना वक्तृत्व शिकवतो. शब्दांनी चित्र उभं करा, असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. त्यामुळं मामांचं भाषण म्हणजे माझ्या डोक्याला ताप. ज्याला शब्द जमत नाहीत त्यानं सामान आणावं, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो. खडू उंच धरून त्यांची नक्कलही करायचो. सगळे खो खो हसायचे. आज लिहिताना लाज वाटते, पण केलंय ते केलंय.

मामांच्या प्रत्येक भाषणाला काकू, म्हणजे त्यांची बायको, पहिल्या रांगेत. मी नमस्कार केला तर कधी बघायच्या, कधी सरळ निघून जायच्या. मला वाटायचं, बाईला भारी गुर्मी आहे.

यंदा गावानं मामांच्या पंचाहत्तरीचा सपत्नीक सत्कार ठरवला, शाळेच्या मैदानावर. सूत्रसंचालन अर्थात माझं. जिल्ह्याचे एक मोठे साहेब येणार होते. आता हे गृहस्थ साहेबांपुढं काय काढतील, या विचारानं मला जेवण गोड लागेना. शेवटी कार्यक्रमाआधी मी त्यांना गाठलंच.

"मामा, आज पिशवी नको."

"काहून, सर?"

"साहेब येऊन राहिले. बरं दिसत नाही. तुम्ही नुसतं मनातलं बोला."

मामांनी पिशवी छातीशी धरली. "मग आमच्या हिला तरी म्होरं बसू द्या. ही म्होरंच बसते."

"सपत्नीक सत्कार आहे, मामा. काकू स्टेजवरच."

मामांच्या काहीतरी ओठापर्यंत आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ती साउंडवाल्याच्या टेबलाखाली सारली. वर आणखी शहाणपण शिकवलं, "माईक दोन्ही हातांनी धरा, तोंडाला लावून. हात नाचवायचे नाहीत."

मामा बोलले. आणि काय बोलले!

"नोकरीतली पैली सभा. धा बारदानं हांतरली. माणूस एक आलं न्हाई. म्या गुंडाळून निघालोच होतो, तर ही भाकर घेऊन आली अन् मधल्या बारदानावर मांडी घालून बसली. म्हणली, बोला. दोन तास बोललो, कपाशीच्या फवारणीवर! हिला काय कळलं आसंल? पर उठली न्हाई. त्या दिवशी ही उठली आसती, तर म्या जन्मात पुन्यांदा बोललो नसतो."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बायका पदर लावून बसल्या. मामांच्या पाठीमागं खुर्चीत बसलेल्या काकू लोकांचं बघून टाळ्या वाजवत होत्या. मी छाती फुगवून माईकवर म्हणालो, "मंडळी, याला म्हणतात शब्दचित्र!"

पाहुणे गेले. खुर्च्या एकात एक चढायला लागल्या. काकू माझ्याकडं आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच बोलल्या, नको तेवढ्या मोठ्या आवाजात, "सर, काय बोलले हो हे? लोकं काहून रडून राहिले व्हते?"

"काकू, तुमच्याबद्दलच तर बोलले!"

"आँ?" त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. हात कानाकडं गेला, कुणी बघतंय का ते त्यांनी पाहिलं आणि तो पटकन खाली घेतला.

मामांनी मला बाजूला घेतलं.

"आता तुमी बघितलंच, म्हणून सांगतो. बारा वर्सं झाली, दोन्ही कान गेले. मशीन लावू देत न्हाई, लोकं बहिरी म्हणतील म्हणून. मंग म्या ठरवलं, हिला दिसंल आसंच बोलायचं. लोकं मला येडं म्हणतेत. म्हणू द्या. हिला तर कुणी काई म्हणत न्हाई."

"अहो, मग मला आधी सांगायचं ना!"

"शब्द दिलाय हिला, कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

मी टेबलाखाली अक्षरशः रांगत गेलो आणि पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. माफी मागणार, तोच मामांनी पिशवी उघडली.

पिशवीत एक जुनं, विरलेलं बारदान होतं. मामांनी ते रिकाम्या मैदानाच्या मधोमध अंथरलं आणि समोर उभे राहिले.

काकूंनी बारदानाकडं बघितलं. मामांकडं बघितलं. मग सत्काराची शाल सावरत त्या हळूहळू खाली बसल्या, नीट मांडी घातली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "बोला."

मी खाली मान घालून माईकची वायर गुंडाळत राहिलो.