धागा तोडणारे सुभेदार

मलकापुरातल्या आमच्या गल्लीत कुणी जरा पाल्हाळ लावला की समोरच्या घरातून गर्जना होते, "लांबला! तोडा!" हे आमचे हणमंत सुभेदार. पुतणीच्या लग्नात त्यांनी भटजींना मंगलाष्टकं दोन भागांत घ्यायला लावली. मधल्या वेळात नवरा-नवरी अर्धविवाहित अवस्थेत उभी होती.

फौजेतून आलेला माणूस ऊस लावतो, नाहीतर दूध संस्थेच्या निवडणुकीत पडतो. सुभेदारांनी इंटरनेटवर खिलार बैलांच्या शौकिनांसाठी चर्चेचं ठिकाण काढलं. त्याचा सर्व्हर माजघरात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. खाली विटा, वर पंखा. आजारी वासराच्या कानाला लावावा तसा सुभेदार त्या डब्याला हात लावतात आणि सांगतात, "तापलाय गडी."

तापणार नाही तर काय! एकानं बैलाचा फोटो टाकला की दुसरा तो फोटो मजकुरासकट उचलून पुन्हा चिकटवणार आणि खाली लिहिणार, "व्हय." तिसरा हे सगळं उचलून लिहिणार, "लय व्हय." पान उघडेपर्यंत फोटोतला खोंड म्हातारा व्हायचा. मग सुभेदारांनी हुकूम काढले. राम राम मनात म्हणावा. शेपटीचा फोटो वेगळा धाडू नये. आणि धागा, म्हणजे एका विषयाची चर्चा, लांबला की त्याला कुलूप, पुढचं बोलणं 'भाग दोन'मध्ये.

एका धाग्याला मात्र कुलूप नाही: 'शर्यतीला बैल कसला असावा?' तो इतका वाढला होता की शिरवळात कुणी उघडला की मलकापुरात सर्व्हर आडवा. सभासद कावले. "ह्यो तोडा, न्हाईतर आमी चाललो."

मी म्हटलं, "आवं, मंगलाष्टकं तोडली तुमी, ह्याला का भ्यालाय?"

"त्यात दादा लिवतो," सुभेदार म्हणाले.

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, कवठे महांकाळला असतात. वाटणीत बैलजोडी फुटली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. लग्नातही पाठीला पाठ लावून जेवतात. या धाग्यावर मात्र रोज एकमेकांची अक्कल काढतात.

"मग भाग दोनमधी भांडा की."

"चालू भांडणात माणूस बोलतो रं. नवं काढायचं म्हंजे आदी कुणीतरी हाक मारायला पायजे. दादा मारायचा न्हाई."

"तुमी मारा."

सुभेदार डब्यावरचा पंखा उगाच नीट करायला लागले.

पुढच्याच सोमवारी सर्व्हर असा बसला की उठेना. सुभेदारांनी तो परत उभा केला, धाग्याला कुलूप घातलं, भाग दोन काढला आणि पहिली ओळ स्वतः लिहिली: "दादा, इथनं फुडं बोलू."

सभासद खूश. पान वाऱ्यासारखं उघडायला लागलं. दादा मात्र येईनात. सर्व्हर गार आणि सुभेदार त्याहून गार. ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. मी दारात उभा राहून तासभर पाल्हाळ लावला, तरी "तोडा" म्हणाले नाहीत.

बाजाराच्या दिवशी मला हाक आली. पडद्यावर दादांची ओळ होती: "पळालास व्हय रं? बैलातलं कळत न्हाई तर गप बसावं मान्सानं."

सुभेदारांनी ती पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचली. मग एका बोटानं उत्तर टायपायला घेतलं. दादांच्या अकलेपासून त्यांच्या बैलाच्या वशिंडापर्यंत सगळ्याचा उद्धार केला आणि धाडायच्या आधी थांबले.

"बघ रं, लय कडक झालं का?"

"बरंय की."

"नुसतं बरं?" त्यांचं बोट पुन्हा कळफलकावर फिरायला लागलं. "आनि जरा चढवतो. त्येला जबाब द्यावाच लागला पायजे."