एक किलोची सूट

ही गोष्ट २०२१ सालच्या एप्रिलमधली. नेदरलँड्समधल्या आल्मेरेत तेव्हा घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा, रात्री दहानंतर बाहेर पडायला बंदी होती आणि हरिहर सबनीसांचं पुण्याला परतायचं तिकीट चौथ्यांदा रद्द झालं होतं. दोन महिन्यांसाठी मुलाकडे आलेला माणूस चौदा महिने राहिला, की घरातली प्रत्येक बाटली त्याच्या ओळखीची होते. त्यांच्या सुनेच्या, वैदेहीच्या, हे जरा उशिरा लक्षात आलं.

सत्तावीस एप्रिलला राजाचा वाढदिवस. एरवी त्या दिवशी गल्लीत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तो याही वर्षी भरणार नव्हता, म्हणून शेजारच्या तिनेकेने शर्यत काढली. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेली ही अडुसष्ट वर्षांची बाई इंग्लंडातली घोड्यांची अडथळ्यांची शर्यत दर वर्षी टीव्हीसमोर उभी राहून बघायची. तशीच स्टीपलचेस घरांमागच्या बोळात करायची, घोड्यांच्या जागी शेजारी. मध्ये बाक, फुलांच्या कुंड्या, बिअरचे रिकामे क्रेट आणि शेवटी लहान मुलांचा रबरी हौद, पाण्याने भरलेला. अंतर पाळायचं असल्यामुळे एकेकाने धावायचं, तिनेकेच्या मुलीने वेळ मोजायची, बाकीच्यांनी आपापल्या बागेतून बघायचं. नावं चारच आली: लांब टांगांचा पोस्टमन वाउटर, टॅक्सी चालवणारा सुरिनामचा रामदीन, वैदेहीचा नवरा अभिराम आणि स्वतः तिनेके.

पैज खाण्याची होती. प्रत्येक घराने घरी केलेला एक पदार्थ द्यायचा आणि चिठ्ठीवर जिंकणाऱ्याचं नाव लिहायचं. ज्याचं बरोबर येईल त्याने टेबलावरून हवं ते उचलायचं.

आणि शर्यत हँडिकॅपची होती, कारण तिनेकेला कुंपणावरून कळलं होतं, की हरिहर पुण्याच्या रेसकोर्सवर चौतीस वर्षं घोड्यांची वजनं ठरवणाऱ्या ऑफिसात होते.

"म्हणजे नक्की काय करायचात तुम्ही?" अभिरामने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, अशक्त घोड्याच्या पाठीवर कमी. सगळे एका वेळी पोचले की आमचं काम फत्ते."

"आणि तुम्ही कुणावर लावायचात?"

"आम्हाला लावायची बंदी. घरच्यांनाही. तुझ्या आईने कधी विचारलंसुद्धा नाही." एवढं बोलून ते बॅगा तोलायचा काटा शोधायला गेले. विमानंच नसल्यामुळे तो काटा वर्षभर खुंटीला लटकत होता.

शर्यतीच्या दहा दिवस आधी, शनिवारी, वैदेहीने सबनीसांच्या घरातर्फे लिंबाच्या लोणच्याची बाटली दिली. मागल्या वर्षी घरात बसून तिने बरंच लोणचं घातलं होतं. भारतीय घरातून गेलेली वस्तू भारतीय दिसावी म्हणून बाटलीला खणाची पिशवी शिवली आणि वर फीत बांधली. तिनेकेने काचेच्या खोलीत टेबलावर सगळं मांडून त्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. चार नंबरच्या वस्तूखाली, म्हणजे या लोणच्याखाली, रामदीनने सात हृदयं टाकली.

रविवारी दुपारी मऊभात झाला. हरिहर रविवारी मऊभाताबरोबर लोणच्याची एक फोड खायचे, एकच. ती त्यांच्या बायकोने, वसुधाने, २०१४ साली याच स्वयंपाकघरात घातलेल्या लोणच्याची. वसुधा जाऊन तीन वर्षं झाली होती. सात वर्षं मुरून काळंभोर झालेलं ते लोणचं बाटलीत तळाशी चार बोटं उरलं होतं.

वैदेहीने फळीवर मागे हात घातला आणि बाटली काढली. आतलं लोणचं पिवळं होतं.

दोन्ही लोणची आपलमूसच्या बाटल्यांत होती. आपलमूस म्हणजे सफरचंदाचा गोड गर. ऋजुताला, लेकीला, तो बटाट्यांशीसुद्धा लागायचा, त्यामुळे घरात त्या बाटल्या सतत रिकाम्या होत आणि धुऊन ठेवल्या जात. कुठलीही बाटली फेकायची नाही हे वैदेही सासूकडूनच शिकली होती. शनिवारी घाईत, आत न बघता, तिने फळीवरची पहिली हाताला लागली ती बाटली पिशवीत घातली होती.

बाहेर हरिहरांनी ताट पुढे ओढल्याचा आवाज आला. वैदेहीने बाटली परत मागे सरकवली.

"वैदेही, आज लोणचं नको गं," ते म्हणाले. "घसा जरा धरलाय."

देव पावला, असं वाटायला तिला एक क्षण मिळाला. दुसऱ्या क्षणी अभिराम हातातला घास तसाच ठेवून उभा राहिला.

"घसा? कधीपासून? बाबा, वास येतोय का? हे हुंगा."

"अरे, येतोय. हिंगाचा येतोय."

हिंगाचा वास चाचणीत धरत नाहीत. हरिहरांची रवानगी वरच्या खोलीत झाली, ताट दाराबाहेर जाऊ लागलं, सोमवारी नाकात काडी घालून झाली आणि निकाल येईपर्यंत सगळं घर कोंडलं गेलं. तिनेकेकडे जाऊन बाटली बदलून घ्यावी, हा वैदेहीचा बेत तिथेच बारगळला. तिने दोनदा मेसेज लिहिला आणि दोनदा पुसला. लिहिणार काय? तुम्हाला दिलेलं लोणचं फार चांगलं आहे, ते परत द्या आणि बेताचं घ्या? वरच्या खोलीत हरिहरांनी शर्यतीचा कागद करायला घेतला होता. त्यावर अभिरामच्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहून टाकलं, 'धावणार नाही'.

बुधवारी निकाल आला. काही नव्हतं. हरिहरांनी ते शब्द खोडले आणि गुरुवारी काटा खिशात घालून तिनेकेकडे निघाले.

"मीपण येते बाबा," वैदेही म्हणाली.

"दिवसाला एकच पाहुणा." ते दारातच थांबले. "तुला काही काम होतं का तिच्याकडे?"

"छे. काही नाही."

ते गेले. तासाभराने परत आले ते कॉफी पिऊन, आणि तडक वरच्या खोलीत जाऊन बसले.

आता एकच वाट उरली होती. पैज जिंकायची आणि आपलीच बाटली उचलायची. वैदेहीने आयुष्यात पत्त्यांवरसुद्धा काही लावलं नव्हतं. ती आता खिडकीशी बसून शेजाऱ्यांचे पाय बघू लागली. वजनं शुक्रवारी जाहीर झाली. पाठीवरच्या पिशवीत तांदूळ घालून प्रत्येकाने धावायचं होतं: वाउटर बारा किलो, तिनेके सात, अभिराम चार, रामदीन शून्य.

"त्याचं त्याच्या अंगावरच आहे," हरिहर म्हणाले.

"पण अडुसष्ट वर्षांच्या बाईला सात किलो?" वैदेहीने विचारलं.

"पायऱ्या चढताना ती कठड्याला हात लावते का, बघ एकदा."

"मग तीच जिंकेल म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. आकडा लागला की माझं तोंड बंद."

वैदेहीने स्वतःच हिशेब मांडला. वाउटर टपाल टाकताना डबक्याला वळसा घालून जायचा, बूट भिजू नयेत म्हणून; हौदाशी तो बिचकणार. रामदीन बिनओझ्याचा, पण टॅक्सीतून उतरला की आधी श्वास घ्यायचा आणि मग दार लावायचा. अभिराम तेरा महिने खुर्चीत बसून होता. चार दिवस तो दिवाणखान्यातल्या स्टुलावरून उड्या मारत होता, आणि स्टूल दोनदा पडलं होतं. तरी चार किलो म्हणजे काहीच नव्हे. अभिराम की तिनेके, इथे तिचं गाडं अडलं.

रविवारी पुन्हा मऊभात झाला. "आज मेतकूट दे," हरिहर आपणहून म्हणाले. वैदेहीने मेतकूट वाढताना फळीवर नजर टाकली. ऋजुताचं आपलमूस संपलेलं दिसत होतं. तिने ते यादीत लिहिलं आणि विसरली.

चिठ्ठी द्यायच्या दिवशी हरिहर फिरायला गेल्यावर तिने त्यांचा कागद खिडकीशी धरला. बाकी सगळे आकडे एका हाताने लिहिलेले होते. फक्त तिनेकेचा सात खोडलेल्या जागेवर बसला होता आणि त्याच्याखाली आठ दिसत होता. सासऱ्यांचं आयुष्य अर्ध्या किलोवर वाद घालण्यात गेलेलं होतं. अशा माणसाने अख्खा किलो उतरवला, तर कारण काहीही असो, फायदा तिनेकेचाच होता. वैदेहीने चिठ्ठीवर तिनेकेचं नाव लिहिलं आणि परत कागद बघायला नको म्हणून चिठ्ठी तिथेच डिंकाने बंद केली.

शर्यतीला ऊन होतं, वाराही होता. वाउटर बाकावरून, कुंड्यांवरून हरणासारखा गेला आणि हौदाशी येऊन थबकला. पाण्याकडे बघून, मागे जाऊन पुन्हा धावत येईपर्यंत त्याचे पाच सेकंद गेले. रामदीनने हौदात सरळ पाय घातला आणि चालतच बाहेर आला. अभिराम मात्र घरातल्या सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा बरा धावला. शेवटी तिनेके. क्रेट तिनेच मांडले होते. प्रत्येकाची उंची तिच्या पायांना पाठ होती. अभिरामपेक्षा ती एका सेकंदाने आधी पोचली.

चिठ्ठ्या उघडल्या. तिनेकेचं नाव एकाच घराने लिहिलं होतं. खुद्द तिनेकेने वाउटरचं लिहिलं होतं.

"तू माझ्यावर नाही लावलंस?" धापा टाकत अभिराम म्हणाला.

"घरी सांगते."

"बायको आहेस तू माझी."

"अभि, घरी."

"बरं, निदान तो टार्ट उचल. वाउटरच्या बायकोचा. वास बघ."

टेबल बोळात आणलं होतं. सगळी गल्ली आपापल्या कुंपणाशी उभी होती. वैदेही टार्टवरून पुढे गेली, तिनेकेच्या चीजवरून पुढे गेली आणि तिने खणाची पिशवी उचलून छातीशी धरली.

"ते तुझंच आहे," तिनेके म्हणाली.

"हो."

"तुला ते हवं होतं, तर दिलंस कशाला?" डच माणूस असं विचारतो आणि उत्तराची वाट बघत उभा राहतो. वैदेही नुसती हसली. रामदीनचा चेहरा पडला. अभिराम टार्टकडे बघत होता. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण बाटली हातात होती.

घरी येऊन तिने सगळ्यांकडे पाठ करून फीत सोडायला घेतली. फितीला गाठ होती, घट्ट, दुहेरी. तिने तर नुसतं फूल बांधलं होतं. आत सीलसुद्धा न तोडलेली, दुकानातून आणल्यासारखी, आपलमूसची बाटली होती.

मग हरिहर वर गेले, बॅगेची चेन वाजली, आणि ते स्वेटरमध्ये गुंडाळलेली बाटली घेऊन खाली आले. तळाशी चार बोटं, काळंभोर.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारीच. फळीवर मागच्या रांगेत तिची जागा रिकामी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. इतकी धडपडून लपवतेय, म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा."

"म्हणजे तो घसा..."

"घसा चांगला होता. काडी घातल्यावर दोन दिवस नाक दुखलं."

वैदेही खुर्चीवर टेकली. "पण बाबा, चोरून आणायची काय गरज होती? मी पैज लावत होते ना."

"मला वजनं ठरवायची होती." हे मात्र ते ऑफिसातल्यासारखे बोलले. "वसुधाचं लोणचं टेबलावर असताना मी ठरवू? माझा जीव शर्यतीत अडकलेला चालत नाही. आधी बाटली बदलली, मग आकडे लिहायला पेन्सिल हातात घेतली."

"आणि आठचा सात का केलात?"

हरिहरांनी तिच्याकडे बघितलं आणि तेही बसले. "तू कागद बघितलास." मग म्हणाले, "तिनेकेने कॉफी दिली, बिस्किट दिलं. ती दूध आणायला आत गेली, तेवढ्यात मी बाटलीवर हात मारला. परत येऊन ती म्हणते, आणखी एक घ्या. मग त्या बाईच्या पाठीवर आठ किलो ठेवायला माझा हात होईना."

"एक किलो म्हणजे किती सेकंद, बाबा?" दारातून अभिरामने विचारलं.

"दोनेक."

"म्हणजे मी जिंकलो होतो."



दुसऱ्या दिवशी हरिहर एकटे पाहुणे म्हणून तिनेकेकडे गेले आणि सगळं सांगून आले. तिनेकेने निकाल कायम ठेवला, पिशवी वैदेहीची म्हणून आतलं लोणचंही तिचंच ठरवलं, आणि हरिहरांवर गल्लीतल्या शर्यतींची आजन्म बंदी घातली. मग त्यांना कॉफी दिली, बिस्किटं मात्र मोजून दोन.

पुढच्या वर्षी बाजार परत भरू लागला, शर्यत पुन्हा झाली नाही. तिनेकेने दोन वर्षांनी गुडघा बदलून घेतला आणि आता ती कठड्याला हात लावते. वाउटर हार्लेमला गेला. रामदीनला वैदेही दर वर्षी नवं लोणचं देते. तो ते आठवड्यात संपवतो आणि बाटली धुऊन परत करतो. अभिराम रविवारी पळायला जातो आणि २०२१ सालचा खरा विजेता कोण, हे नवीन भेटलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

हरिहर त्या ऑक्टोबरात पुण्याला गेले. वैदेहीने बाटली त्यांच्या बॅगेत कपड्यांमध्ये घातली होती. विमानतळावरून परतल्यावर तीच बाटली तिला फळीवर, मागच्या रांगेत, जागच्या जागी दिसली. आत चार फोडी होत्या, अजूनही आहेत. बाटलीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे, खाडाखोड नसलेली: 'वसुधा. धावणार नाही.'