डॉ. वानखेड्यांची तीन रोपं

कायद्यानं दिलेला एकही हक्क डॉ. वानखेडे वाया जाऊ देत नाहीत. एकही! मग त्या हक्काची त्यांना गरज असो की नसो. भाडेकरूला हीटिंगच्या हिशेबाची मूळ बिलं बघता येतात, हे कळल्यापासून दर वर्षी ते थर्मासमध्ये चहा घेऊन घरमालकाच्या ऑफिसात जाऊन बसतात आणि एकेक बिल वाचून काढतात. चूक आजवर एकदाही सापडलेली नाही. ऑनलाइन मागवलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, म्हणून एकदा त्यांनी चांगल्या बसणाऱ्या चपला परत केल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पुन्हा मागवल्या. "वापरला नाही तर हक्क गंजते, ताई," असं ते मला जिन्यात अडवून सांगतात. माझ्या दोन्ही हातांत तेव्हा भाजीच्या पिशव्या असतात, पण ते त्यांच्या लक्षात येईल तर शपथ.

हे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे वर्ध्याचे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग इथे डार्मश्टाटला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी, आणि आता निवृत्त. वाक्याची सुरुवात 'आल्झो'नं, म्हणजे जर्मन 'तर'नं, होते आणि शेवट वऱ्हाडीत. टोमॅटो मऊ निघाला, बस दोन मिनिटं आधी सुटली, जर्मन बातम्यांत भारताचं नाव चुकीचं उच्चारलं, की ते छाती पुढे काढून म्हणतात, "निषेध आहे माझा!" सुशीलाकाकू होत्या तोवर त्या आतून ओरडायच्या, "नोंदवला निषेध, आता जेवायला या." तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून निषेध ऐकायला मी.

तर जर्मनीत कायदा बदलला आणि प्रौढ माणसाला स्वतःपुरती गांजाची तीन झाडं घरात लावायला परवानगी मिळाली. वानखेडेकाका सुपारीसुद्धा खात नाहीत. खोकल्याचं औषध घेण्याआधी त्यात अल्कोहोल आहे का ते वाचतात. मी म्हटलं, चला, निदान हा एक हक्क तरी गंजेल. पण त्यांच्या वाढदिवसाला हँबुर्गहून त्यांच्या मुलीनं, संघमित्रानं, एक चिमुकलं पाकीट पाठवलं. आत तीन बिया आणि एक चिठ्ठी: 'पापा, हा नवा हक्क. वापर.'

मुलीनं थट्टा केली होती हो! कुणीही हसून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. हे दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. तिथला दाढीवाला पोरगा म्हणाला, तुम्ही तर इंडियाचे, तुम्हाला मी काय शिकवणार! झालं. काका तिथेच उखडले. "मी वर्ध्याचा आहो! आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे! आमच्याकडे कापूस पिकते, कापूस!" पोरगा बिचारा माफी मागत राहिला, आणि माफीदाखल एक मातीची पिशवी फुकट दिली. ती घेताना निषेध कुठे गेला होता, ते विचारू नका.

तीन कुंड्या, डोक्यावर दिवा, बाजूला छोटा पंखा, खोलीला कुलूप, असा थाट मांडला. आणि तिन्ही बिया उगवल्या, हे विशेष. काकांनी फोटो काढून मित्राला, म्हणजे संघमित्राला, पाठवला. तिचं उत्तर आलं, एक अंगठा. शब्द नाही, नुसता अंगठा. काका तो अंगठा मला दाखवत म्हणाले, "पाहा. खूश आहे पोरगी."

मग एक रोप मलूल झालं. पानं खाली वळली, मान टाकल्यासारखी. त्याचा फोटो गेला, आणि काय आश्चर्य, मित्राचा लगेच फोन! चांगला अर्धा तास. ती नाटकाच्या थिएटरमध्ये दिव्यांचं काम करते. यांच्या मते तिनं डॉक्टरेट करायला हवी होती, त्यावरून बापलेकीत बरीच वर्षं थंडी. पण दिवा किती उंचीवर हवा, हा तिचाच प्रांत. तिनं जर्मनमध्ये सूचना द्यायच्या, यांनी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत स्टुलावर चढायचं.

आणि त्याच संध्याकाळी माझं नशीब फुटलं. मी गाड्यांच्या एअर कंडिशनिंगवर काम करते. झालं, काकांच्या लेखी मी हवेतली तज्ज्ञ! "ताई, जरा वर या. पंखा पाहून द्या." गेले. माझी चूक एवढीच, की गेले.

अहो, ते 'जरा' महिनाभर चाललं! ऑफिसातून दमून यावं, चपला काढाव्यात, की वरून हाक. आधी दिवा लांब होता, म्हणून रोपं नुसती उंच वाढली, सडपातळ, काडीसारखी. दिवा खाली घेतला. मग माती बघितली तर चिखल. मी म्हटलं, काका, पाणी जास्त होतंय, मुळांना श्वास घ्यायला जागा नाही, चार दिवस थेंब घालू नका. "गेनाऊ," ते म्हणाले. चार दिवसांनी गेले तर पुन्हा चिखल, वर चिलटांची पैदास. मग संशय पाण्यावर. इथलं पाणी इतकं चुन्याचं, की किटली महिन्यात पांढरी होते. म्हणून गाळलेलं पाणी आणलं. मग संशय मातीवर, कारण त्या फुकटच्या पिशवीत खत भरमसाट होतं आणि पानांची टोकं करपत होती. माती बदलली. कोणी बदलली? मी! रविवारी सकाळी, पदर खोचून म्हणतात तशी, बाह्या सरसावून.

आमचे हे सोफ्यावरून विचारायचे, "निघाल्या का गांजा खात्याच्या इन्स्पेक्टर?" सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नेमकी माझ्या हातात एक कुंडी. आता अहो आईंना काय सांगायचं? त्यांनीच चष्मा लावून निदान केलं, "झेंडू आहे गं. शेंडा खुड, फुटवा येईल." मी हो आई, खुडते आई, म्हणून फोन ठेवला. या वयात मी सासूशी खोटं बोलले, ते कोणामुळे?

इतकं करून पहिलं रोप गेलं. बुंध्याशी खोड दोऱ्याएवढं बारीक झालं आणि आडवं पडलं. काकांनी काय करावं? मला म्हणाले, "तुमचा पंखा जास्त झाला, ताई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काका, माझा पंखा माणसांना थंड ठेवतो, तुमचं रोप चिखलात बुडून मेलंय! तुम्ही आयुष्यभर मिलिग्रॅम मोजलेत, आणि पाण्याचा अंदाज येत नाही?" त्यावर ते गप्प बसले. वानखेडेकाका आणि गप्प! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आठवड्यानं दुसरंही गेलं. आणि मित्राचा फोन मात्र रोज संध्याकाळी, ठरल्यासारखा. काका कॉफीच्या डब्याला फोन टेकवून बसायचे. ती विचारायची, पानाची मागची बाजू दाखव, दिवा तिरपा कर. एका रोपावरून बोलणं तिच्या नव्या नाटकावर जायचं, तिथून तिच्या गळक्या खिडकीवर. मी कुंडी धरून उभी. मला कोणी बसासुद्धा म्हणायचं नाही.

शेवटच्या रोपासाठी मी फर्मान काढलं: आठवडाभर पाणी बंद. बघू काय होतं ते. त्यातच एका संध्याकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला वर गेले. दार उघडं होतं. काका पाठमोरे, कुंडीपाशी उकिडवे बसले होते. हातात कप. आणि कपातून धार सोडत होते, हळूहळू, अगदी काठापर्यंत. वर पुटपुटत होते, "माफ कर गा बाप्पा, थोडंसंच."

"काका!"

कप हातातून निसटला. मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटावी, पण तेव्हा वाटली नाही. मी म्हटलं, माझे रविवार गेले, माझी पाठ गेली, सासूबाईंना मी झेंडू सांगितला, आणि तुम्ही, तुम्हीच याला बुडवताय? मुद्दाम? याला म्हणतात निषेध करण्यासारखी गोष्ट!

त्यांनी निषेध केला नाही. जमिनीवरचं पाणी रुमालानं पुसत राहिले. मग म्हणाले, "चांगलं असलं तं अंगठा येते, ताई. बिमार असलं तं फोन येते."

मी जमिनीवर पडलेला कप उचलला.

"सुशीला होती तवा फोन तिलेच यायचा. मी म्हणायचो, ठीक आहे ना? अन् फोन तिच्याकडे द्यायचो. ते गेली अन् मले समजलं, पोरीशी काय बोलाव, ते मले येतच नाही." त्यांनी कुंडीकडे पाहिलं. "मराव असं नव्हतं वाटत. थोडं बिमार राहावं, बस. पण ते जमलं नाही मले. दोन गेले. हे गेलं तं मग काय दाखवू तिले?"

मी वाकून पाहिलं. रोप खरोखरच वाईट होतं. खालची पानं गळाली होती, खोड मातीपाशी बारीक व्हायला लागलं होतं. तेवढ्यात कॉफीच्या डब्याला टेकवलेला फोन वाजला. मित्रा. काका झटक्यात उठले आणि तोंडावर पाणी मारायला बाथरूममध्ये पळाले. रडका चेहरा लेकीला दिसता कामा नये ना!

फोन मी घेतला. आणि माझा राग अजून गरम होता, त्यामुळे मी सगळं सांगून टाकलं. तुझे वडील स्वतःच पाणी घालतात, म्हटलं. तू बोलावंस म्हणून.

मित्रा शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "हो मावशी. मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"कुंडीखालच्या बशीत रोज पाणी दिसतं. पापांनी जन्मात कधी एक थेंब जास्त मोजला नाही. असा माणूस महिनाभर चुकेल?" ती म्हणाली. "पण झाड बरं असलं की पापा मला पेन्शनचा विमा काढलास का, एवढंच विचारतात आणि फोन ठेवतात. झाड आजारी असलं की मी काय काम करते तेसुद्धा विचारतात. मग मी काय करू?"

म्हणजे बापाला ठाऊक, लेकीला ठाऊक, आणि मध्ये ही मी, रविवारी सकाळी माती बदलणारी! मला इतका संताप आला की हसायलाच आलं.

"मावशी," ती म्हणाली, "शेवटचं आहे ना ते? वाचव ना, प्लीज. बाकीचं मी बघते. आणि त्यांना काही सांगू नकोस."

वाचवलं. काकांच्या देखत ते अलगद उपटलं, मुळांची चिखलाची गाठ सोडवली, आणि छोट्या कुंडीत कोरड्या, हलक्या मातीत लावलं. खोडाला आधाराला मातीची भर दिली. पाणी घालायचं ते फक्त कुंडी उचलून हलकी लागली तरच, आणि तेही मी विचारल्यावर, असं बजावलं. काका लहान मुलासारखे मान डोलवत होते. या खेपेला त्यांनी ऐकलं. घाबरले होते ते.

दोन आठवड्यांत त्यानं तग धरला. पानं वर उचलली गेली, नवी जोडी फुटली, रंग असा की बघत राहावं. मला खरं तर नाचावंसं वाटत होतं. पण काका दर संध्याकाळी जास्त जास्त गप्प होत चालले होते. त्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्यांनी कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि पडल्या आवाजात म्हणाले, "पाहा, मित्रा. आता सगळं ठीक आहे. आता तुले रोज फोन कराची गरज नाही."

पलीकडे ती स्क्रीनजवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"मोमेंट, पापा," ती म्हणाली. "ते खालचं पान. पिवळं पडतंय का ते?"

काकांनी पान दिव्याखाली नेलं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. कोणीही सांगितलं असतं की हिरवंगार आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमाले काय वाटते? पिवळं दिसते का?"

मी चष्मा लावला.

"दिसतंय की," मी म्हणाले. "चांगलंच पिवळं आहे. लक्ष ठेवायला लागेल."