बंबकाका उठत नाहीत

"आज काही झालं तरी मी खुर्चीवरून उठणार नाही," बंबकाकांनी टायची गाठ ओढत जाहीर केलं. "छत कोसळलं तरी."

काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आगीच्या बंबावर सगळी नोकरी काढलेला हा माणूस निवृत्त झाला, पण बंब काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही. भाच्याच्या वाढदिवसाला पोराने फुंकर मारायला गाल फुगवले, तेवढ्यात यांनी ओल्या फडक्याने सगळ्या मेणबत्त्या विझवल्या. केक भिजला, पोरगं भोकाड पसरून रडलं आणि काकूंना नणंदेच्या दारात जायची चोरी झाली. तेव्हा या खेपेला त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "लग्नाचा वाढदिवस आहे. एक संध्याकाळ नुसते माझ्यासमोर बसा. उठलात, तर यापुढे तुमच्याबरोबर कुठे म्हणून येणार नाही."

काकूंचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काका मनातून टरकले होते. पण नुसतं बसण्यात काय ती मर्दुमकी? धडधडीत आगीसमोर बसून दाखवायचं, असा त्यांनी बेत केला. शहरातल्या त्या जुन्या, बड्या फ्रेंच ब्रासरीत, म्हणजे थाटाच्या उपाहारगृहात, गोड पॅनकेकवर ब्रँडी ओतून ती टेबलाशीच पेटवतात. टेबल राखून ठेवतानाच काकांनी तो पदार्थ गुपचूप सांगून ठेवला.

आत शिरल्यावर काकूंचा आवाजच खाली आला. भिंतभर आरसे, पितळी कठडे, लाल चामड्याची लांब बाकं आणि छताला दुधी काचेचे गोल दिवे. लांब पांढरे एप्रन बांधलेले वेटर असे चालत होते, की त्यांचे पाय जमिनीला लागत नसावेत. कुठे काटा ताटलीला लागला तरी तो आवाज दुसऱ्या गावाहून आल्यासारखा यायचा. काकांची नजर सवयीने मागच्या दाराकडे निघाली होती. ती त्यांनी अर्ध्या वाटेवरून परत बोलावली.

"काय शोधताय?"

"काही नाही. तुलाच बघतोय."

काकूंनी उगाचच केस सारखे केले.

कोंबडी आली ती चांदीच्या भल्यामोठ्या झाकणाखाली. वेटरने झाकण उचललं, वाफेत काकूंचा चेहरा क्षणभर विरघळला आणि पुन्हा दिसला तो थेट लग्नातला. झाकण बाजूच्या ढकलगाडीवर विसावलं. बंबाची घंटा व्हायच्या आत जेवण गिळायची सवय असलेले काका आज एकेक घास चावून खात होते. आरशांमधून दिव्यांच्या रांगा लांबवर गेल्या होत्या.

"आपण कुठे आहोत हो?" काकू कुजबुजल्या.

"असू दे कुठेही," काका म्हणाले.

मग वेटर तवा घेऊन आला. पॅनकेकवर ब्रँडी ओतली, काडी ओढली आणि भक्कन जाळ उठला.

काका उठले नाहीत. हात मांड्यांखाली दाबून बसले. कानशिलांवरून घाम ओघळला. पण मग त्यांनी नीट पाहिलं. हा जाळ कुणाला गिळायला आलेला नव्हता. निळा, आळसावलेला, तव्याच्या काठाशी लोळत पडला होता. आयुष्यभर ज्याच्या मागे पाईप घेऊन धावलो, तो दिसायला इतका सुंदर असतो, हे बघायला फुरसतच मिळाली नव्हती. काकांचे डोळे भरून आले.

काकूंना दिसलं ते एवढंच, की समोर आग लागली आहे आणि नवरा डोळ्यांत पाणी आणून दगडासारखा बसलाय. माझ्या धाकाने हा माणूस जळून जाईल, पण उठायचा नाही!

ठण्णकन चांदीचं झाकण तव्यावर बसलं. वर काकूंचे दोन्ही हात.

"कुणी झाकण उचलू नका," त्या गरजल्या. "हवा लागली की पुन्हा भडकेल. पळापळ करू नका, लहान मुलांना आधी बाहेर न्या."

अख्खी ब्रासरी थबकली. वेटरने घसा साफ केला. "बाईसाहेब, हा आपला गोड पदार्थ आहे. साहेबांनी मुद्दाम सांगितला होता."

काकूंनी काकांकडे पाहिलं.

"मी उठलो नाही," काका म्हणाले.

काकू मटकन बसल्या. तोंड कुठे लपवू, असं त्यांना झालं. वेटर पुन्हा काडी ओढणार, तर काकांनी त्याला थांबवलं आणि आहे तसंच वाढायला सांगितलं. आता, जाळ वेळेआधीच विझलेला, म्हणजे ब्रँडी जवळजवळ सगळी शाबूत. दोघांनीही जन्मात तिचा थेंब चाखला नव्हता. काकूंनी लाजेपोटी मान वर न करता शेवटचा तुकडा संपवला, पाकही चमच्याने निपटून खाल्ला. मान वर केली तेव्हा छताचे दिवे सावकाश पोहत होते. काका आरशातल्या काकांना प्रेमाने हात करत होते.

"अहो," काकू टेबलावर कोपर टेकून, डोळे अर्धे मिटून म्हणाल्या, "अजून एक मागवा."

"आता कशाला?"

"या वेळी तुम्ही विझवा."