शेअर म्हणजे काय रे भाऊ?

एका जंगलात फणसाचं एक झाड होतं. बाळांनो, जंगल कुठलं ते विचारू नका. जिथे फार शहाणी जनावरं राहतात, तिथलं. म्हणजे तुमच्या घरापासून लांब नसणार.

झाड कुणाच्या मालकीचं नव्हतं. भर उन्हाळ्यात, बाकी सगळं रान वाळलेलं असताना, ते बुंध्यापासून लगडायचं. हौसाबाई नावाची म्हातारी वानरी वर चढायची. फणसावर टिचक्या मारून पिकलेला शोधायची, देठ तोडून खाली सोडायची आणि मग सगळ्यांच्या मधोमध बसून फोडायची. आधी लेकुरवाळ्यांना गरे. मग म्हाताऱ्यांना. मग धडधाकटांना. आठळ्या रानडुकरांना. स्वतः सगळ्यात शेवटी.

कुरकुर व्हायचीच. दगडू अस्वल म्हणायचं, "त्याचा गरा माझ्यापेक्षा मोठा हाय."

"तुझं तोंड त्याच्यापेक्षा मोठं हाय," हौसाबाई म्हणायची. "मिटून घे, म्हंजी सारखं हुईल."

सगळे हसायचे. विषय संपायचा. याला ती जनावरं 'वाटून खाणं' म्हणत. अडाणी होती बिचारी.

एका उन्हाळ्यात केसरीनाथ कोल्हा शहरातून परतला. तिथे एका कॉलेजच्या खानावळीमागे त्याने बरीच वर्षं उष्टं खाल्लं होतं. त्यामुळे त्याला इंग्रजी येत होतं.

हौसाबाई गरे देत होती. कोल्ह्याने नाक मुरडलं.

"हे काय चाललंय?"

"वाटतेय."

"वाटायला ती काय चटणी आहे? शेअर म्हणा. शेअर!"

शब्द सगळ्यांना आवडला. का आवडला हे कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून तो जास्तच आवडला. संध्याकाळपर्यंत ससेसुद्धा बिळातून एकमेकांना 'शेअर कर, शेअर कर' म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी कोल्हा हौसाबाईजवळ येऊन बसला. शहरात आपण किती एकटे होतो, लोक कसे दगड मारायचे, हे त्याने डोळे पुसत सविस्तर सांगितलं. मग पंजा पुढे केला.

"मी माझं दुःख शेअर केलं. आता तू गरे शेअर कर."

"दुःखाचं काय करू मी? लोणचं घालू?"

"हौसाबाई, सांगणं म्हणजेसुद्धा शेअर करणंच. शहरात कुणालाही विचार."

अर्धा फणस त्याने नेला. मग काय, रांगच लागली. जो तो दुःख घेऊन आला. लांडग्याचं दुःख तर इतकं लांबलं की ऐकणाऱ्या दोन मेंढ्या त्याच्या गळ्यात पडून रडल्या आणि परत घरी आल्या नाहीत.

चंद्री हरिणीला मात्र दुःख सांगायला वेळ नव्हता. तिचं पाडस नुकतं जन्मलं होतं. हौसाबाईने तिच्यापुढे चार गरे ठेवले, तर कोल्हा ओरडला, "तिने काय शेअर केलं? आधी ते सांगा!"

गरे परत घेतले गेले. चंद्री मान खाली घालून गेली.

तेवढ्यात दगडू उठला. "ते सांगणंबिंगणं राहू दे. शेअर म्हणजे हिस्सा. माझा हिस्सा कुठाय?"

एक म्हणाला, शेअर म्हणजे देणं. दुसरा म्हणाला, घेणं. तिसरा म्हणाला, सांगणं. मारामारी जुंपली. शेवटी सगळे तळ्यावर बगळेशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबुवा एका पायावर उभे होते. विद्वानांना दुसरा पाय टेकायची घाई नसते.

"शब्दाच्या मुळाशी जा," ते डोळे मिटून म्हणाले. "हा जुन्या इंग्रजीतला शब्द. मुळात अर्थ कापणं. मेंढीची लोकर कातरण्याचा शब्द याचाच भाऊबंद. नांगराच्या फाळालाही हेच नाव, कारण फाळ जमीन चिरतो."

"म्हणजे आपण आजवर चुकत होतो!" कोल्हा ओरडला. "कापल्याशिवाय शेअर कसलं?"

टाळ्या पडल्या. कोल्ह्याने शहरातून करवत आणलीच होती. ती कशासाठी आणली, हे कुणी विचारलं नाही. एक टोक दगडूने धरलं.

हौसाबाई झाडावर चढून बसली. "आरं, शब्दाचं मूळ काढता, पन झाडालाबी मूळ असतंय! म्होरल्या साली काय खाल?"

"बघा, बघा!" कोल्हा म्हणाला. "एकटीच वर बसलीय. हिला शेअर करायचंच नाही."

"आप्पलपोटी!" सगळे ओरडले. यात ते ससेही होते, ज्यांना तिने पहिला गरा भरवला होता.

करवत चालू झाली. झाड कलंडलं तेव्हा हौसाबाईने शेजारच्या सागावर उडी घेतली आणि तिथेच तोंड झाकून बसली.

फांद्यांचे तुकडे झाले. प्रत्येकाला एकेक मिळाला. कच्चे फणससुद्धा चिरले. चिकाने सगळ्यांची तोंडं चिकटली, त्यामुळे तक्रार कुणी केली नाही. बुंधा कोल्ह्याला गेला. त्याने त्याची खुर्ची करून घेतली आणि तिच्यावर बसून तो 'शेअर करण्याचं महत्त्व' या विषयावर व्याख्यानं देऊ लागला.

उरलेला उन्हाळा कोरडा गेला. चंद्रीचं दूध आटलं. हौसाबाई तिच्यासाठी पार डोंगरापलीकडून उंबरं आणायची, पण म्हातारीच्या ओंजळीत मावून मावणार किती? पाडसाने पाऊस पाहिला नाही.

कोल्हा भेटायला गेला. चंद्रीच्या शेजारी बसून त्याने डोळे पुसले.

"तुझं दुःख मी शेअर करतो," तो म्हणाला.

चंद्री उठून हौसाबाईकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती आणि हौसाबाई ते जंगल सोडून गेल्या. त्यांना थांबवायला कुणी उठलं नाही. व्याख्यान चालू होतं.

तात्पर्य : वाटून खाल्ल्याने नुसतं पोट भरतं, भाषा सुधारत नाही. म्हणून बाळांनो, शब्दाच्या मुळापर्यंत जरूर जावं. जाताना करवत तेवढी विसरू नये.